शाळेतली परसबाग, खत आणि कचरा: सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात ओळख. आमची शाळा भोर तालुक्यातली, झेडपीची, पहिली ते पाचवी, पट साठच्या आसपास आणि शिक्षक दोनच. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी रांग असा आमचा भाग. गेली काही वर्षं आम्ही शाळेत भाजी लावतोय, खत करतोय, कचरा वेगळा करतोय, आणि शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेलं की चहाच्या वेळी तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सअॅपवर तर रात्री अकराला पण येतात. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय. मी काही कृषी अधिकारी नाही, चुकत चुकत जे कळलं ते लिहिलंय.

सुरुवात कशापासून करायची? भाजी लावून की खत करून?

खतापासून. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आमचं पहिलं वर्ष सांगते. वरून परसबागेचा फोटो मागितला होता, मग आम्ही घाईघाईत शाळेमागची जागा साफ केली, वाफे केले, मेथी-पालक-कोथिंबीर पेरली, कडेला चुन्याने रंगवलेले दगड लावले. फोटो गेला. मेथी दोन बोटं उंच झाली आणि पिवळी पडून बसली. कारण ती जमीन नव्हतीच मुळी, इमारत बांधताना टाकलेला मुरूम होता आणि त्याखाली विटांचे तुकडे. बहुतेक शाळांची हीच गत असते, शाळेला मिळालेली जागा म्हणजे गावाला नको असलेली जागा. दुसऱ्या वर्षी आम्ही काहीच लावलं नाही, नुसता पालापाचोळा गोळा केला, कुजवला आणि त्या मुरमावर पसरला. मग तिसऱ्या वर्षी जी मेथी आली ती बघायला शिजवणाऱ्या ताईंनी शेजारणीला बोलावून आणलं. तेव्हा आधी सहा महिने माती करा, मग बी टाका.

जागा किती लागते?

एक गुंठा असेल तर चैन आहे. नसेल तर चार वाफे बास. १० फूट लांब आणि ३ फूट रुंद, रुंदी ३ च्या वर नको, कारण दुसरीतल्या पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात पाय देणारच.

खताचा खड्डा किती खोल खणायचा?

खणूच नका. निदान आमच्यासारख्या पावसाच्या भागात तरी नका. खड्ड्यात जुलैमध्ये पाणी साठतं, हवा जात नाही आणि खताच्या जागी गटार तयार होतं. कमी पावसाच्या भागात, मराठवाड्यात वगैरे, खड्डा चालतो, ओल टिकते.

आम्ही जमिनीवरच करतो. चार बांबू रोवायचे, भोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळायची, ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच. याहून लहान ढीग केला तर तो आतून तापत नाही आणि तापला नाही तर कुजायला वर्ष घेतो. तळाला तुरकाट्या किंवा जाड काटक्या टाका, खालून हवा खेळते. मग एक घमेलं ओला कचरा म्हणजे भाजीची देठं, सालं, ताजं गवत, त्यावर दोन ते तीन घमेली वाळका पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा, वर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडायचा, मूठभर माती. परत ओलं, परत वाळकं. सगळ्यात वर नेहमी वाळकंच, हे मुलांना पाठ झालं पाहिजे. वाळक्यात कर्ब (कार्बन), ओल्यात नत्र (नायट्रोजन). पुस्तकात कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं देतात, पण पोरांना घमेल्याचा हिशोब कळतो, तोच सांगा.

पाणी किती? हातात घेऊन मूठ दाबायची. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. पंधरा दिवसांनी एकदा खालीवर करायचं, हे काम मोठ्यांचं, फावडं मुलांच्या हातात नको.

आठवडाभरात आतून ढीग ५५-६० अंशापर्यंत तापतो. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई आत खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून हात लावा (आधी स्वतःचा). आमच्याकडे हा एवढा एक प्रयोग विज्ञानाच्या सगळ्या तक्त्यांवर भारी पडला, एक पोरगं म्हणालं बाई आत कुणी चूल पेटवलीय. तीन-चार महिन्यांत खत तयार. काळं, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. तो वास खरंच तोच असतो, मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात त्याचा.

मग खताची नाडेप टाकी बांधून घ्यायची का? ग्रामपंचायत द्यायला तयार आहे.

पद्धत उत्तमच आहे, आणि आपल्या मातीतली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती तयार केली, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच नाडेप. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत विटांच्या मधे मधे भोकं सोडलेली. खत व्हायला ९० ते १२० दिवस. पण एक टाकी भरायला साधारण दीड टन काडीकचरा, ९०-१०० किलो शेण आणि दीड-पावणेदोन टन माती लागते, आणि ती एकदम, एक-दोन दिवसांत भरायची असते. शाळेत रोज घमेलं-दोन घमेली जमतं. म्हणून बऱ्याच शाळांत नाडेप टाक्या नुसत्या उभ्या दिसतात, आत एक झाडू आणि फुटकी बादली. गावातून पेंढा आणि शेण गोळा करायची ताकद असेल तर जरूर बांधा. नाहीतर जाळीचे दोन ढीग, एक भरायचा आणि एक मुरायचा, एवढं पुरे.

गांडूळ खत?

करा, पण दुसऱ्या वर्षी. गांडूळ हे जनावर आहे, त्याला सुट्टी चालत नाही. आयसेनिया फेटिडा नावाची लाल गांडुळं आणतात, ती शेतातली आपली नेहमीची नव्हेत, ती वरच्या थरात राहून कुजकं खातात. सावली लागते, ओल लागते, आणि ताजा कचरा थेट दिला तर उष्णतेने मरतात, आधी अर्धवट कुजलेलाच द्यायचा. ४५ ते ६० दिवसांत खत मिळतं. आमची पहिली गांडुळं दिवाळीच्या सुट्टीत मुंग्यांनी खाल्ली. आता गांडुळांच्या पेटीच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो आणि सुट्टीत कोण पाणी मारणार ते आधी ठरवतो.

खताला घाण वास येतोय, शेजारचे ओरडतात.

ओलं जास्त झालं, हवा कमी पडली. वाळका पाला घाला, उकरून मोकळं करा, दोन दिवसांत वास जातो. नाही गेला तर आत कुणीतरी काहीतरी पुरलंय (आमच्याकडे एकदा मेलेला उंदीर निघाला, श्रद्धापूर्वक दफन केला होता चौथीच्या मुलांनी).

खतात अळ्या झाल्यात! फेकून देऊ का सगळं?

थांबा, आधी अळी हातात घेऊन बघा. दोन प्रकार असतात आणि यात सगळा फरक आहे.

चपट्या, करड्या-तपकिरी, पाय नसलेल्या, खूप सगळ्या एकत्र वळवळणाऱ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या ओला कचरा झपाट्याने संपवतात, माणसाला काही करत नाहीत, ती माशी घरमाशीसारखी ताटावर पण बसत नाही. दिसायला किळसवाणं आहे खरं. ओलं थोडं कमी करा, वाळक्याने झाका.

पण पांढरीफट्ट, लठ्ठ, इंग्रजी सी सारखी वळलेली, तपकिरी डोकं आणि पुढे सहा पाय, अशी असेल तर ती हुमणी. शेतकऱ्याच्या पोरांना विचारा, लगेच ओळखतील, ऊस-भुईमुगाची मुळं खाऊन वाट लावते. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून ती बरोबर आपल्या वाफ्यात येते. वेचायची आणि कोंबड्यांना द्यायची, दुसरा उपाय नको. आणि पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात ना, तेच हिचे आईबाप, तेव्हा झाड हलवून पकडले की पुढच्या हजारो अळ्या टळल्या. म्हणून पूर्ण कुजलेलंच खत वापरायचं, घाई नको.

उरलेली खिचडी खतात टाकायची का?

शक्यतो नाही. तेल-मीठ असतं, उंदीर-कुत्री येतात. थोडीशी असेल तर ढिगाच्या मधोमध, वर दोन घमेली पाला. पण रोज बादलीभर उरत असेल तर प्रश्न खताचा नाहीच, ताटात वाढण्याचा आहे. आमच्याकडे मुलं स्वतः सांगतात "अर्धा डाव", आणि हवं तर परत घेतात. त्यानंतर उष्टं फारच कमी झालं, आता ते एका घरची म्हैस संपवते.

केळ्याची सालं, शेंगांची टरफलं, अंड्यांची कवचं (चुरून) बिनधास्त टाका. लिंबू-संत्र्याची सालं थोडीच. नारळाची करवंटी कुजायला फार वर्षं घेते, ती चुलीला द्या.

पाला जाळला तर राख मिळते ना, ती पण खतच?

दहा घमेली पाल्यातून मूठभर राख मिळते आणि नत्र सगळं धुरात जातं, वर धूर वर्गात. शिवाय कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे. पण खरं सांगायचं तर नियम सांगून आमच्या गावात कुणी थांबलं नाही. आम्ही खत विकायला ठेवलं तेव्हा थांबले. आता घराघरातून पोतं भरून पाला शाळेत येतो.

सागाची पानं जाड, ती लवकर कुजत नाहीत, पसरून मुलांना त्यावर उड्या मारू द्या, चुरा होतो आणि पीटीचा तास पण होतो.

कोणती भाजी कधी लावायची?

पावसाळ्यात पालेभाजीचा हट्ट धरू नका, सडते. जूनमध्ये शाळा उघडली की वेलवर्गीय लावा, दोडका, दुधी, काकडी, भोपळा, मांडवावर नाहीतर कुंपणावर. भेंडी आणि गवार उंच केलेल्या, पाणी न साठणाऱ्या गादीवाफ्यावर, भेंडी दीड महिन्यात सुरू होते. हात धुवायच्या नळापाशी अळू, ते कुणाचं ऐकत नाही, येतंच. रिकाम्या वाफ्यात ताग पेरा आणि दीड महिन्याने फुलं येताना मातीत गाडा, फुकटचं खत.

खरा हंगाम दिवाळीनंतर. मेथी, पालक, मुळा, लाल माठ, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी. मेथी महिन्याभरात हातात येते, म्हणून पहिलीच्या मुलांना मेथीच द्या, त्यांना तीन महिने धीर नसतो. मुळा पण छान, उपटण्याची मजा वेगळीच, फक्त काही जण रोज उपटून बघतात मोठा झाला का आणि परत खोचून ठेवतात.

आणि कायमची झाडं, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, केळी. शेवग्याचं एक झाड नीट वाढलं की पाला आणि शेंगा दोन्ही मिळतात आणि त्याला कुणी बघायला पण लागत नाही. एकच झाड लावायची ताकद असेल तर शेवगा लावा.

परसबागेतून पोषण आहाराची भाजी निघते का?

नाही. प्रामाणिक हिशोब करू. पहिली ते पाचवीला माणशी रोज ५० ग्रॅम भाजी धरलीय. ६० मुलं म्हणजे रोज ३ किलो. वर्षाला २०० दिवस धरले तरी ६०० किलो. चार वाफ्यांतून एवढं निघत नाही, एक गुंठ्यातून पण वर्षभर सलग काढणं अवघड. आमच्या खिचडीत आठवड्यातून दोन-तीन दिवस बागेतली पालेभाजी किंवा शेवगा पडतो, कोथिंबीर-कढीपत्ता जवळजवळ रोज. पण आपण लावलेला माठ खिचडीत दिसला की घरी भाजीला नाक मुरडणारी पोरं चाटूनपुसून खातात, ते मी बघितलंय, एवढ्यासाठी तरी करायचंच.

मे महिन्यात सगळं जळून जातं, काय करायचं?

खरी परीक्षा इथेच असते. आम्ही दोन वर्षं हळहळलो, मग ठरवलं की मार्चअखेर हंगामी भाजी बंद. शेवटची काढणी करायची, वाफ्यावर वीतभर पाल्याचं आच्छादन पसरायचं आणि झाकून टाकायचं. जूनमध्ये उघडलं की खाली माती काळी आणि गांडुळं आपोआप आलेली. फक्त कायमच्या झाडांना पाणी, त्याला मडकी. बुडाला बारीक छिद्र पाडून कापसाची वात घातलेलं जुनं मडकं खोडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकण (डासांसाठी, विसरू नका), दोन-तीन दिवसांनी भरायचं. शाळेजवळच्या चार घरांनी झाडं वाटून घेतलीत, मोबदला म्हणजे त्या झाडाची सुट्टीतली फळं त्यांची. लेखी काही नाही, पण चालतं.

शेरडं, वानरं, आणि रविवारी चोरी?

शेरडांना कुंपण हाच उपाय, बांबू किंवा काटेरी चिलार. वानरांपुढे आम्ही हरलो, आता कडेच्या वाफ्यात हळद, आलं, मिरची लावतो, त्यांना ते फारसं आवडत नाही. चोरीचं म्हणाल तर आम्ही एक वाफा गावासाठी मोकळा ठेवला, पाटी लावली की हवी तर न्या. त्यातलं कुणी नेत नाही, बाकीच्यातलंही जायचं थांबलं. का ते मला कळलेलं नाही.

सलाईनच्या बाटल्या वापरून ठिबक केलं तर? पेपरात फोटो आले होते.

नको, नको, नको. कल्पना हुशार आहे पण दवाखान्यातून आलेली वापरलेली बाटली आणि नळी हा जैववैद्यकीय कचरा आहे, तो वेगळा गोळा होऊन ठरलेल्या ठिकाणीच जायला हवा, पोरांच्या हातात नाही. कुठेतरी सुई अडकलेली असली तर? साध्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून सुती वात घाला, काम तेच.

हात धुवायचं पाणी केळी-अळू-कर्दळीकडे वळवा. भांडी धुतलेलं तेलकट पाणी आधी वाळू-खडीच्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या.

रंगवलेले टायर आणि बाटल्यांच्या कुंड्या?

फोटोत छान दिसतात. टायरमध्ये पावसाचं पाणी साठलं की डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो, म्हणून वापरायचेच तर पूर्ण मातीने भरा आणि खाली भोकं पाडा. कापलेल्या बाटल्या एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटतात आणि त्याचे तुकडे मातीत जातात, म्हणजे कचरा आपण फक्त दोन वर्षं पुढे ढकलला. मी आता करत नाही.

सुक्या कचऱ्याचं काय? ओला-सुका डबे आहेत पण सगळे सगळ्यात टाकतात.

कारण डब्यावर "सुका कचरा" लिहिलंय आणि तिसरीच्या पोराला चॉकलेटचा चिकट कागद ओला वाटतो, त्याचं पण बरोबरच आहे. आम्ही डब्यांची नावं बदलली: "खताला", "भंगारवाल्याला", "कुणालाच नको". तिसऱ्या डब्याने खरं काम केलं. आठवड्याने तो ओतून मोजायचा, फळ्यावर आकडा लिहायचा. पहिल्यांदा ओतला तेव्हा जवळजवळ सगळी वेफर्स-कुरकुऱ्यांची पाकिटं. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनिअमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, म्हणून भंगारवाला घेत नाही. पोरांनी त्याला प्रत्यक्ष विचारलं होतं, वर्गात बोलावलं होतं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि त्याने अर्धा तास जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात नाही. पुठ्ठा कोरडाच पाहिजे, भिजला की भाव पडतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली असेल तर घेतो. आणि पिशवीचा कोपरा कापून बाजूला टाकू नका, तो बारीक तुकडा कधीच परत मिळत नाही.

मग मुलांनीच ठरवलं की वाढदिवसाला चॉकलेटऐवजी चिक्की, बोरं, पेरू, घरचे लाडू, काहीही पण कागदाशिवाय. गावातल्या दुकानदाराचं तोंड थोडे दिवस वाकडं होतं, आता तो चिक्की बरणीतून देतो.

बाटलीत पाकिटं ठासून विटा करतात ते आम्ही एक वर्ष केलं. मुलांचे तास गेले आणि शेवटी त्या विटांचा एक कट्टा झाला. एक कट्टा ठीक आहे, पण दरवर्षी करायला लागलो तर पाकिटं गोळा व्हावीत म्हणून खाल्ली जातात, असं आमच्याकडे खरंच झालं.

शाळेची रद्दी आणि जुनं सामान विकून पैसे घेता येतात का?

मुलांनी घरून आणलेली वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, पुठ्ठे, हो. पैसे वहीत लिहा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. पण मोडके बाक, लोखंड, शाळेची जुनी कागदपत्रं, म्हणजे जे डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) आहे किंवा शासकीय अभिलेख आहे, त्याला हात लावू नका, त्याचं रीतसर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणं, करावं लागतं. चांगल्या हेतूने विकून नंतर खुलासे लिहीत बसलेले शिक्षक मी पाहिलेत.

वहीतली कोरी पानं मात्र आधी फाडून घ्या. पाचवीची मुलं वर्षाअखेर ती शिवून कच्च्या वह्या करतात.

पालक म्हणतात, पोरं शिकायला पाठवली की माती उकरायला?

म्हणणारच. ज्याने आयुष्यभर माती उकरली त्याला पोराने तेच करू नये असं वाटतं, यात चूक काही नाही. मी वाद घालत नाही, पोराची वही दाखवते: वाफ्याची परिमिती, भाजीचं वजन, ६० जणांना वाटणी, उगवलेल्या बियांचे स्तंभालेख. गांधीजींनी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत हातांच्या कामातून शिक्षण मांडलं होतं, म्हणजे कल्पना काही आजची नाही. पण पालकाला वर्धा सांगून उपयोग नसतो, वही दाखवली की पटतं. आणि दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांच्या वर बागेत नाही, हे पाळतो. शनिवारी दप्तर नसतं, २०२४ पासून आनंददायी शनिवार आहेच, तेव्हा मोठं काम काढतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. झाडू कुणाच्या हातात आहे आणि पाण्याची झारी कुणाच्या? आमच्याकडे पहिल्या वर्षी न सांगताच मुली झाडायला आणि मुलं पाणी घालायला लागली. आणि कचरा उचलायला कोण पुढे होतं, कुणाला पुढे केलं जातं, ते पण बघा, गावात राहता तर कळतंच. आता हजेरी क्रमांकाने पाळ्या, फळ्यावर तक्ता, सगळ्यांना सगळं काम, त्यात मी आणि दुसरे सर पण.

साप, विंचू?

पाल्याच्या ढिगात निघू शकतात, खोटं कशाला बोलू. ढीग वर्गापासून लांब. हात घालायच्या आधी काठीने आपटायचं. पायात चप्पल नको, बूट, नसतील तर त्या दिवशी लांबून बघायचं. काच-पत्रा लागला तर धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आरोग्य केंद्रात विचारायचं. काम झालं की साबणाने हात, नखांसकट. साप चावला तर मंत्र-तंत्र न करता थेट दवाखाना, हे पोरांना पाठ आहे, काही घरांत अजून नाही.

कीड पडली, औषध मारू का?

शाळेत विषारी औषध आणूच नका, बाटली सुद्धा. निंबोळ्या उन्हाळ्यात मुलं गोळा करतात, वाळवून कुटायच्या, लिटरला ५० ग्रॅम रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं, किंचित साबण, संध्याकाळी फवारायचं. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) बऱ्यापैकी आटोक्यात येतो.

बियाणं विकतचं की गावरान?

दोन्ही. पण एक तरी गावरान ठेवा, कारण संकरित वाणाचं बी परत पेरलं तर पुढची पिढी तशीच येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बी जपलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, मुलांना त्यांच्याबद्दल सांगितलं तर दुसऱ्या दिवशी आज्यांच्या गाठोड्यातून घेवड्याचे पाच रंग आले. बी राखेत घोळून बाटलीत, वर नाव, वर्ष आणि कुणाच्या आजीचं ते.

आमची शाळा शहरात आहे, अंगणच नाही.

मग भाजीचा नाद थोडा ठेवा, खताचा जास्त. वीस लिटरचे रंगाचे डबे स्वच्छ धुऊन, बाजूंनी भोकं पाडून, त्यात तेच ओलं-वाळकं. वाळका पाला शहरातच जास्त मिळतो, सोसायट्या पोत्यांनी बाहेर ठेवतात. गच्चीवर ओझं टाकायच्या आधी कुणा जाणकाराला विचारा.

पैसे?

फार लागत नाहीत. जाळी, दोन खुरपी, झारी, घमेली. ग्रामपंचायत, एखादा माजी विद्यार्थी. मोठा निधी आला की आधी पाटी होते, नंतर बाग, असा माझा अनुभव.

शिक्षकांची बदली झाली की सगळं बंद पडतं, त्याचं काय?

पडतं, खरंय. आधीच्या शाळेत मी लावलेल्या केळी आज नाहीत. म्हणून इथे बागेची वही शिक्षकाची नाही, चौथीची आहे. मार्चमध्ये चौथीची मुलं तिसरीच्या मुलांना आठवडाभर सगळं दाखवतात आणि वही त्यांच्या ताब्यात देतात, मी नुसती बघते. नव्या सरांनी किंवा मॅडमनी तीच वाचावी. पहिल्या पानावर कुणीतरी लाल पेनने लिहून ठेवलंय: मागचा नळ उलटा फिरतो, मडक्यावर झाकण ठेवा, आणि शेवग्याच्या दुसऱ्या फांदीवर चढू नका, ती मोडते.